जर्मनीत एक सेमिस्टर: पहिल्या दिवसापासून परतीपर्यंत कोणतं काम कधी करायचं

जर्मनीत एका सेमिस्टरसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या महिन्यातल्या बहुतेक अडचणी पत्त्यापाशी येऊन थांबतात. ब्लॉक केलेल्या खात्यातले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा ठरावीक सुटणारे पैसे मिळायला इथलं बँक खातं लागतं, बँक बहुतेक वेळा पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागते, नोंदणीला घरमालकाची सही लागते, आणि ही सही मिळायला आधी रीतसर घर लागतं. यातलं एक काम अडलं की पुढची सगळी अडतात. म्हणून कामं पाठोपाठ कशी लावायची हे आधी समजून घ्या.

तारखा आणि घर

विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं असतं. प्रत्यक्ष तासिका मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. होखशूल प्रकारच्या संस्थांत, म्हणजे उपयोजित शिक्षण देणाऱ्या संस्थांत, तासिका बहुधा सप्टेंबरच्या शेवटी किंवा मार्चमध्येच सुरू होतात. तासिकांच्या दोन-तीन आठवडे आधी पोचावं. सरकारी कामं त्या काळात उरकली नाहीत, तर ती करण्यासाठी पहिली व्याख्यानं बुडतात आणि ती भरून काढणं जड जातं.

विद्यार्थी वसतिगृहं श्टुडीरेंडनवेर्क ही संस्था चालवते. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी तिथे अर्ज टाका. म्युनिक, बर्लिन, हॅम्बुर्ग अशा शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते, आणि एका सेमिस्टरच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या खोल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयामार्फत मिळतात का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. वसतिगृह नाही मिळालं तर दुसरा रस्ता म्हणजे वे-गे, म्हणजे दोन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. एका सेमिस्टरसाठी त्यातही 'त्स्विशनमीटे' हा प्रकार सोयीचा. मूळ भाडेकरू काही महिने बाहेर जातो आणि त्याची सामानासकट खोली तेवढ्या काळासाठी तुम्हाला मिळते.

जाहिरातीतले दोन शब्द नीट पाहा. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, आणि 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून भाडं. वीज आणि इंटरनेट वार्ममीटेत असेलच असं नाही, ते वेगळं विचारावं. अनामत रक्कम, म्हणजे 'काउत्सिओन', कायद्याने काल्टमीटेच्या तिप्पटीहून जास्त घेता येत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे.

खोली पक्की करण्याआधी घरमालकाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: 'या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता येईल का?' उत्तर 'नाही' असेल, तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पत्ता नोंदवता येत नसेल तर वर सांगितलेलं एकही काम पुढे सरकत नाही.

फसवणूक ओळखायची खूण जवळजवळ ठरलेली असते. मालक परदेशात आहे, खोली दाखवता येत नाही, पैसे पाठवले की किल्ली कुरियरने येईल. भाडं आसपासच्या खोल्यांपेक्षा बरंच कमी, फोटो एखाद्या हॉटेलसारखे. अशा ठिकाणी एक युरोही पाठवू नये. करार हातात नाही आणि खोली व्हिडिओ कॉलवर तरी पाहिलेली नाही, तर पैसे द्यायचे नाहीत. त्यापेक्षा पहिले दहा दिवस प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलमध्ये राहून खोली शोधणं परवडलं.

करारावर सही करण्याआधी त्याची शेवटची तारीखही पाहा. ठरावीक मुदतीचा करार मुदतीआधी सहसा मोडता येत नाही. बेमुदत करार असेल तर घर सोडण्याची सूचना तीन महिने आधी द्यावी लागते, आणि तीही कागदावर, हाताने सही करून. ईमेल चालत नाही. परीक्षा फेब्रुवारीत संपणार आणि करार मार्चअखेरपर्यंत असेल, तर शेवटच्या महिन्याचं भाडं आधीच हिशेबात धरावं, किंवा पोटभाडेकरू ठेवायची परवानगी करारातच लिहून घ्यावी.

पहिल्या महिन्याचा पैसा

विद्यार्थी व्हिसासाठीच्या ब्लॉक केलेल्या खात्यात, म्हणजे श्पेरकोंटोमध्ये, २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो धरले जातात. म्हणजे महिन्याला ९९२ युरो सुटतात. हे पैसे उतरल्या दिवशी हातात येतात असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. आधी इथलं चालू खातं उघडायचं, त्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, आणि मागितलेली कागदपत्रं श्पेरकोंटो देणाऱ्या कंपनीला पाठवायची, त्यांनी ती तपासायची, आणि मग पहिला हप्ता येणार. यात तीन-चार आठवडे सहज जातात.

तोवर किती लागेल, याचं एक उदाहरण घ्या. काल्टमीटे ४०० आणि वार्ममीटे ५०० युरो असेल, तर अनामतीचा पहिला हप्ता ४००, पहिल्या महिन्याचं भाडं ५००, सेमिस्टर शुल्क २५०, आरोग्य विमा १४५ आणि जेवणखाण, सिमकार्ड, पांघरुण, भांडी धरून ३५०. बेरीज १,६४५ युरो. अनामत एकरकमी मागितली तर यात आणखी ८०० मिळवा. कायदा हप्त्यांच्या बाजूने असला तरी बरेच जण किल्ली देण्याआधी पूर्ण रक्कम मागतात, तेव्हा तयारी मोठ्या आकड्याची ठेवा. ही रक्कम परदेशात चालणाऱ्या कार्डावर असावी, आणि दोन-तीनशे युरो रोख. कार्ड न घेणारी लहान दुकानं आणि उपाहारगृहं जर्मनीत अजून बरीच आहेत.

पोचण्याचा दिवस

शक्यतो सोमवार ते गुरुवार यांतल्या एखाद्या दिवशी दुपारच्या आत शहरात पोचेल असं विमान पाहा. वसतिगृहाची किल्ली हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्याकडे असते. त्याची कार्यालयीन वेळ दिवसातून तास-दोन तासच असू शकते, आणि शुक्रवारी दुपारनंतर सहसा कोणी भेटत नाही. रविवारी दुकानंही बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं आणि सकाळचे काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या सोडल्या तर काही मिळत नाही. शनिवारी रात्री पोचणाऱ्याला सोमवार सकाळपर्यंत उशी-पांघरुणाशिवाय काढावं लागू शकतं, कारण वसतिगृहाच्या खोलीत पलंग आणि गादी असली तरी बिछान्याचं बाकी सामान सहसा नसतं.

किल्ली घेताना 'युबरगाबेप्रोटोकोल' भरला जातो. खोली कोणत्या अवस्थेत तुमच्या ताब्यात आली याची ही नोंद. घाईत सही करू नका. भिंतीवरचे डाग, जमिनीवरचे ओरखडे, खिडकीची मूठ, नळ, शेगडीची प्रत्येक चूल, फ्रीजचे कप्पे सगळं पाहा, जे बिघडलेलं असेल ते त्या कागदावर लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढा. विजेचा मीटर वेगळा असेल तर त्याचा आकडाही. सहा महिन्यांनी अनामत परत घेताना दुसरा कोणताही पुरावा तुमच्या हाती नसतो.

टपालपेटीवरचं नाव

हे काम दोन मिनिटांचं असतं आणि सर्वांत जास्त राहून जातं. जर्मनीत बहुतेक इमारतींच्या पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक लिहीत नाहीत. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव, एवढाच पत्ता. पोस्टमन टपालपेट्यांच्या रांगेसमोर उभा राहतो, लिफाफ्यावरचं नाव पेटीवर शोधतो, आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत पाठवतो. मग बँकेचं कार्ड, त्याचा पिन, करक्रमांक, विम्याचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची पत्रं, सगळं येतं आणि परत जातं. पाठवणाऱ्याला वाटतं तुम्ही तिथे राहतच नाही, आणि बँक खातं गोठवू शकते.

म्हणून सामान ठेवल्यावर लगेच टपालपेटी आणि दाराची घंटा या दोन्हींवर नाव लावा. हाउसमाइस्टर छापील पट्टी देणार असेल तर ती येईपर्यंत तात्पुरती कागदाची पट्टी पारदर्शक चिकटपट्टीने लावा. पट्टीवरचं आडनाव पासपोर्टातल्यासारखंच हवं. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल, तर ज्या नावाने पत्रं येणार ते पूर्ण नाव लिहा. पोटभाडेकरू असाल आणि पेटीवर जागा नसेल, तर पत्ता देताना स्वतःच्या नावाखाली 'सी/ओ' लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घाला. पेटी रोज उघडा. सरकारी पत्रातली मुदत पत्र पोचल्यापासून मोजतात, तुम्ही ते वाचल्यापासून नाही.

आनमेल्डुंग: पत्त्याची नोंदणी

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. या कार्यालयाला बर्लिनमध्ये ब्युर्गरआम्ट म्हणतात, इतर अनेक शहरांत ब्युर्गरब्युरो. अडचण वेळ मिळण्याची असते. सेमिस्टरच्या सुरुवातीला मोठ्या शहरांत तीन-चार आठवडे पुढचीच वेळ दिसते. तेव्हा घराचा करार झाला की, अजून स्वतःच्या देशात असतानाच, ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. बर्लिनमध्ये कोणत्याही विभागातल्या कार्यालयात नोंदणी चालते, स्वतःच्याच विभागातली वेळ धरून बसू नये. रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर परत दिसू लागतात, सकाळी लवकर पाहिलं तर मिळून जातात. ११५ हा सरकारी कार्यालयांचा सामायिक दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावरही चौकशी करता येते. वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली तर वेळ घेतल्याची पावती जपून ठेवा. प्रयत्न वेळेत केला होता हे तिच्यावरून दाखवता येतं, आणि त्यासाठी दंड होणं विरळाच.

सोबत न्यायचे कागद: मूळ पासपोर्ट आणि त्यातला व्हिसा, भरलेला नोंदणी अर्ज, आणि 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. शब्द लांब आहे पण पाठ करून ठेवा. ज्याने घर दिलं त्याने 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असं सही करून दिलेलं हे पत्र. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही, आणि रिकाम्या हाताने परत यावं लागण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. वे-गेमध्ये मूळ भाडेकरूने खोली दिली असेल तर सही तोच करू शकतो. पत्रात घरमालकाचं नाव-पत्ता, तुमचं पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि राहायला आल्याची तारीख हवी. तारीख राहून गेली की कागद परत. सही द्यायला घरमालक बांधील असतो. तो टाळाटाळ करत असेल तर तसं कार्यालयाला कळवा. आणि पैसे घेऊन नुसता कागदोपत्री पत्ता देणाऱ्याच्या नादी कधी लागू नका. जिथे राहतच नाही तिथला पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि खोटी नोंदणी करणाराही त्यात सापडतो.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचं सदस्यत्व लिहिलं, तर पुढे प्राप्तिकर लागू झाल्यावर चर्चकरही कापला जातो. बाकीच्या बहुतेकांना त्याचा काही संबंध नाही.

खिडकीपाशीचं काम दहा मिनिटांत होतं. अधिकारी संगणकावर भरलेली माहिती छापून देतात. जागचं उठण्याआधी नावाचं अक्षर न् अक्षर, जन्मतारीख आणि इमारतीचा क्रमांक तपासा. नाव आणि आडनावाची अदलाबदल झाली तर ती चूक पुढे करक्रमांक, बँक आणि विमा या सगळीकडे जाते आणि निस्तरायला महिने लागतात. हा कागद म्हणजे मेल्डेबेश्टेटिगुंग. लगेच स्कॅन करून ठेवा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ११ आकडी करक्रमांक पोस्टाने येतो. नोकरी करायची नसली तरी तो जपा. आणि टपालपेटीवर नाव नसेल तर हेही पत्र परत जाईल.

विमा, विद्यापीठातली नावनोंदणी आणि बँक

विद्यापीठात नाव नोंदवायला आरोग्य विम्याचा पुरावा लागतो, पण तो तुम्ही कागदावर देऊन भागत नाही. सार्वजनिक विमा संस्थेने, म्हणजे क्रांकनकासेने, विद्यापीठाला थेट इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवावा लागतो. अशा कोणत्याही क्रांकनकासेच्या विद्यार्थी विभागाला विद्यापीठाचं नाव आणि अर्ज क्रमांक देऊन 'एम १०' संदेश पाठवायला सांगा. व्हिसासाठी घेतलेला प्रवासविमा इथे चालत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांसाठी सार्वजनिक विम्याचा हप्ता महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतो. खासगी विमा स्वस्त दिसतो, पण तो घेण्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही. पुढे पूर्ण पदवीसाठी जर्मनीतच राहण्याचा विचार मनात असेल तर ही सूट घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

बँक खातं उघडताना दोन गोष्टी पाहा: महिन्याचं शुल्क, आणि ओळख पटवण्याची पद्धत. व्हिडिओ कॉलवर ओळख पटली नाही तर जवळच्या पोस्टात पासपोर्ट दाखवून तेच काम होतं, त्याला पोस्ट-इडेंट म्हणतात. सिमकार्डही याच पद्धतीने चालू होतं. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लिफाफ्यांत येतात. भाडं, विमा असे बहुतेक व्यवहार 'लास्टश्रिफ्ट'ने होतात, म्हणजे समोरची संस्था तुमच्या संमतीने खात्यातून पैसे काढून घेते. त्या तारखेला खात्यात शिल्लक नसेल तर व्यवहार परतल्याचं शुल्क बसतं, शिवाय भाडं थकल्याची नोंद होते.

मोबाइल, इंटरनेट, व्यायामशाळा यांचे २४ महिन्यांचे करार स्वस्त दिसतात. एका सेमिस्टरसाठी ते घेऊ नयेत. देश सोडला म्हणून करार आपोआप सुटत नाही. प्रीपेड सिम पुरतं.

व्हिसाची शेवटची तारीख या टप्प्यावर परत एकदा पाहा. तो परीक्षेच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरत नसेल, तर आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, मुदत संपण्याआधी निवास परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय होईपर्यंतचं राहणं कायदेशीर धरलं जातं.

रुंडफुंकबाइट्राग

नोंदणीनंतर काही आठवड्यांत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं. घरात टीव्ही नाही म्हणून ते फेकून दिलं जातं आणि मग दंडासकट दुसरं येतं. हे शुल्क घरामागे आहे, उपकरणामागे नाही. २०२१ पासून ते महिन्याला १८.३६ युरो आहे आणि तीन महिन्यांचं एकदम मागतात. वे-गेमध्ये एकाने भरलं की सगळ्यांचं भरलं गेलं. पत्राला उत्तर देताना त्या सोबत्याचं नाव आणि शुल्क क्रमांक कळवायचा. वसतिगृहात मोठ्या सामायिक मार्गिकेत उघडणारी प्रत्येक खोली मात्र वेगळं घर धरली जाते.

घरातल्या सवयी

हीटरच्या गोल बटणावर १ ते ५ आकडे असतात. ते वेगाचे नसून तापमानाचे आहेत. ३ म्हणजे खोली साधारण २० अंशांवर राहील. थंडीने कुडकुडत आल्यावर ५ वर फिरवलं तर खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते, आणि बिल वाढतं. बर्फाच्या चांदणीची खूण म्हणजे पाइप गोठणार नाहीत एवढीच ऊब.

हवेचं गणित याहून महत्त्वाचं आहे. खिडकीची मूठ खाली असली की खिडकी बंद, आडवी केली की पूर्ण उघडते, वर केली की वरच्या बाजूने थोडीशी कलते. हिवाळ्यात ती दिवसभर कलती ठेवू नका. आतली हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते, आंघोळीची, स्वयंपाकाची आणि श्वासाची वाफ त्या गार भिंतीवर साचते आणि आठवडाभरात कोपऱ्यात काळी बुरशी धरते. हे नुकसान भाडेकरूच्या अनामतीतून वसूल होऊ शकतं. योग्य रीत अशी: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच ते दहा मिनिटं सताड उघडायची, मग बंद करून हीटर परत चालू. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. ओले कपडे खोलीत वाळत घातले असतील तर एक फेरी वाढवा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका.

घराच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं की लागतं, आणि किल्ली आत राहिली तर तुम्ही बाहेर. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. रात्री कुलूपवाला बोलावला तर काहीशे युरोंचं बिल होतं, म्हणून तो येण्याआधी फोनवरच एकूण रक्कम ठरवून घ्या. किल्ली हरवणं त्याहून महाग. वसतिगृहात एकाच किल्लीने मुख्य दार आणि खोली दोन्ही उघडतात, त्यामुळे अख्ख्या इमारतीची कुलूपव्यवस्था बदलावी लागली तर खर्च हजारांत जातो. वर्षाला साधारण ५० युरोंत मिळणारा दायित्व विमा, म्हणजे हाफ्टप्फ्लिख्ट, पहिल्याच आठवड्यात घ्या आणि त्यात भाड्याच्या घराची किल्ली हरवण्याचा समावेश आहे याची खात्री करा.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांततेचा असतो. त्या वेळात खिळे ठोकणं किंवा मोठ्याने गाणी लावणं केलं की शेजाऱ्याची तक्रार येते. कपडे धुण्याचं यंत्र कधी चालवायचं, याचे नियम इमारतीच्या नियमपत्रात असतात.

बाटल्या फेकू नका. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि पेयांच्या कॅनवर २५ सेंट, परत वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बहुधा ८ किंवा १५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली न चेपता टाकायची, कारण लेबलवरची खूण वाचता आली नाही तर यंत्र ती घेत नाही. शेवटी बटण दाबून निघालेली चिठ्ठी गल्ल्यावर द्यायची.

प्रवास

बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टर शुल्कातच प्रवासाचं तिकीट येतं. अनेक ठिकाणी ते देशभर चालणारं डॉइचलांडटिकेट असतं, जे बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वेत चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. स्वतंत्र घेतलं तर ते सदस्यत्व असतं, आणि रद्द करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. विद्यापीठाचं तिकीट हातात येईपर्यंत कागदी तिकीट घेतलंत, तर ते फलाटावरच्या किंवा डब्यातल्या लहान यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. शिक्क्याविना तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड ६० युरो.

अभ्यासाच्या दोन नोंदण्या

तासिकेला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेलाही नोंदलं गेलं, असं इथे नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि ती सेमिस्टरच्या मध्यावर गुपचूप येऊन जाते. मुदत हुकली तर सगळी व्याख्यानं ऐकूनही क्रेडिट मिळत नाही. उलट नोंदणी करून न जाता राहिलात आणि मुदतीत रद्दही केली नाहीत, तर ५.० म्हणजे नापासाची नोंद होते. १.० सर्वोत्तम आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण. आजारपणामुळे परीक्षा चुकली तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र ताबडतोब परीक्षा कार्यालयात द्यावं लागतं.

एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो आणि पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० क्रेडिट. नव्या शहरात, परक्या भाषेत, पहिल्याच सेमिस्टरला २० ते २५ क्रेडिट नीट पेलतात. मूळ विद्यापीठाची किमान अट काय आहे ते आधी पाहा आणि विषय बदलले तर अभ्यास करारात, म्हणजे कोणते विषय घेणार याच्या दोन्ही विद्यापीठांतल्या लेखी करारात, तो बदल पहिल्या महिन्यातच दोन्हीकडून सही करून घ्या.

परतीचं तिकीट परीक्षांच्या तारखा कळल्याशिवाय काढू नका. लेखी परीक्षा फेब्रुवारीत आणि निबंधाची मुदत मार्चअखेर, असं वेळापत्रक सर्रास असतं. फेरपरीक्षा तर तुम्ही परत गेल्यावर येते. लवकर जाणं भागच असेल तर तोंडी परीक्षा आधी घेता येईल का, हे प्राध्यापकांना पहिल्या दोन आठवड्यांत विचारा. जानेवारीत विचारलं तर काहीच हलत नाही.

वेळापत्रकात 'सी.टी.' लिहिलं असेल तर तासिका पंधरा मिनिटं उशिरा सुरू होते, 'एस.टी.' असेल तर बरोबर ठोक्याला.

तब्येत आणि मन

रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०. जीवावर बेतलेलं नाही पण दवाखाने बंद आहेत, अशा वेळी ११६ ११७. साध्या ताप-खोकल्याला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलात तर तासन्‌तास बसावं लागतं. जवळचा कुटुंब डॉक्टर बरं असतानाच शोधून ठेवा, कारण नवे रुग्ण न घेणारे बरेच असतात.

नोव्हेंबरपासून अंधार लवकर पडतो. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. त्याच सुमारास सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि अनेकांना खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्यावर आधीच तजवीज करता येते. ऑक्टोबरात विद्यापीठाच्या खेळवर्गात नाव घाला, आठवड्याचे दोन ठरलेले दिवस बाहेर जाण्याचे होतात आणि तीच माणसं परत परत भेटतात. जर्मन माणसं अचानक घरी येत नाहीत, दिवस ठरवून भेटतात. आपणच बुधवारी संध्याकाळी जेवायला या म्हणून सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. श्टुडीरेंडनवेर्ककडे बहुतेक शहरांत समुपदेशन मिळतं, अनेक ठिकाणी इंग्रजीतही.

परतताना

निघण्याच्या आधी आठवडाभर ते निघाल्यानंतर दोन आठवडे या काळात आबमेल्डुंग, म्हणजे नोंदणी रद्द करणं, आलं. हा कागद हातात आला की बाकीचं सुटतं: विमा बंद करायला, रेडिओ शुल्क थांबवायला आणि उरलेले करार संपवायला तोच पुरावा लागतो. तो न घेता गेलात तर शुल्क मागणारी पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि थकबाकी साचते.

खोली सोपवताना पहिल्या दिवशीचा प्रोटोकोल बाहेर काढा, तेच फोटो त्याच कोनातून परत काढा आणि नव्या कागदावर दोघांची सही घ्या. अनामत त्याच दिवशी मिळत नाही. हीटिंगचा वार्षिक हिशेब बाकी असतो म्हणून घरमालक काही महिने ती ठेवून घेऊ शकतो. तेव्हा बँक खातं लगेच बंद करू नका. अनामत त्या खात्यात येऊ द्या, उरलेलं शुल्क त्यातून जाऊ द्या, बँकेला नवा परदेशी पत्ता कळवा आणि मगच खातं बंद करण्याचं पत्र पाठवा. पोस्टात पैसे भरून टपाल सहा महिने नव्या पत्त्यावर वळवून घेता येतं. ते केलं, की टपालपेटीवरची पट्टी काढून टाका.